फुफ्फुसात ‘गाठ’ निघाली म्हणजे कॅन्सरच का? डॉक्टर हे ओळखतात कसं, समजून घ्या

टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मंडपाचे बांबू येऊन पडले की मामाकडे जायचं, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. आनंद दिघेंनी सुरू केलेल्या या देवीसाठी अख्खं ठाणे तिथे लोटतं, आणि मामाचं घर नाक्यापासून चालत तीन मिनिटांवर. गेल्या वर्षी मात्र मंडप उभा राहायच्या आधीच रात्री अकरा वाजता मामाचा व्हॉट्सॲप आला. एक पीडीएफ आणि खाली एक ओळ : “अगं, तू बातम्यांमध्ये आहेस ना, जरा बघ. घाबरण्यासारखं आहे का?”

मामाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याच्या फिटनेससाठी छातीचा एक्स-रे काढला, त्यात काहीतरी पांढरं दिसलं, म्हणून सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरचा सॉलिड नोड्यूल. खाली ते नेहमीचं वाक्य, ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’.

मामाचं वय ६४. पंचवीस वर्षं बिडी ओढली, पंधरा वर्षांपूर्वी सोडली. १९९४ साली टीबी झाला होता, औषधांचा कोर्स पूर्ण केला होता.

सकाळपर्यंत घरात तीन निदानं तयार होती. मामीने गुगल केलं होतं, त्यामुळे तिच्या मते कॅन्सर. शेजारचे काका म्हणाले, “जुन्या टीबीचा डाग असणार, सोडून द्या.” आणि ओळखीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, “दोन महिने टीबीची औषधं घ्या, कमी झालं तर टीबी, नाही झालं तर पुढे बघू.”

तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य होतं, आणि तिघांपैकी कुणाचंही ऐकून गप्प बसणं चुकीचं ठरलं असतं. का, ते नीट समजून घेऊ. कारण स्वस्त झालेल्या सीटी स्कॅनमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचलाय.

आधी, नोड्यूल म्हणजे काय?

फुफ्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंज. स्कॅनवर हवा काळी दिसते. त्या काळ्यात ३ सेंटीमीटरपर्यंतचा गोलसर पांढरा ठिपका दिसला तर त्याला नोड्यूल म्हणतात. मुगाच्या दाण्यापासून सुपारीपर्यंत काहीही. ३ सेंटीमीटरच्या वर गेला की त्याला ‘मास’ म्हणतात, आणि तिथे डॉक्टरांचा सूरच बदलतो, कारण एवढ्या मोठ्या गाठीत कॅन्सरची शक्यता बरीच जास्त असते.

नोड्यूल हे आजाराचं नाव नाही, दिसलेल्या गोष्टीचं नाव आहे. भिंतीवर ओल दिसली म्हणजे पाइप फुटलाय की वरच्याची गॅलरी गळतेय, हे अजून ठरायचं असतं, तसंच. तो ठिपका जुन्या टीबीचा वण असू शकतो, बुरशीच्या संसर्गाचा असू शकतो, फुफ्फुसातली छोटी लसिका ग्रंथी असू शकते, हॅमार्टोमा नावाची निरुपद्रवी गाठ असू शकते. किंवा कॅन्सर असू शकतो. फुफ्फुसातच सुरू झालेला, नाहीतर दुसऱ्या अवयवातून आलेला.

मग कॅन्सरचं प्रमाण किती? अमेरिकेत ‘नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ५५ ते ७४ वयाचे, भरपूर सिगारेट ओढलेले ५३ हजारांहून जास्त लोक त्यात होते. कमी रेडिएशनचा सीटी काढलेल्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, म्हणून तो अभ्यास गाजला. पण त्यातला दुसरा आकडा फारसा शेअर होत नाही : सीटीमध्ये जे ‘संशयास्पद’ निघाले, त्यातल्या ९६.४ टक्के वेळा शेवटी कॅन्सर नव्हता. आणि हे सगळे जास्त धोक्यातले लोक होते, हे लक्षात घ्या.

म्हणजे बहुतेक गाठी निरुपद्रवी. पण उरलेल्या चार टक्क्यांतलं आपण कुणी निघालो तर टक्केवारीचा काय उपयोग? म्हणून गाठ वाचायची कशी, हे बघावं लागतं.

आकार, कडा, आणि आत काय आहे

सगळ्यात पहिला प्रश्न आकाराचा. ६ मिलिमीटरपेक्षा लहान गाठीत कॅन्सर निघण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. २ सेंटीमीटरच्या वर ती निम्म्याहून जास्त होते. मामाची ९ मिलिमीटरची, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी, नेमकी त्या मधल्या पट्ट्यात, जिथे छातीठोकपणे कुणालाच काही सांगता येत नाही.

मग कडा बघतात. गोल, गुळगुळीत कड असेल तर बरं लक्षण. गाठीतून सगळीकडे बारीक काटे निघाल्यासारखे दिसत असतील, लहान मुलं सूर्य काढताना किरणं काढतात तसे, तर संशय वाढतो. कॅन्सर आजूबाजूच्या फुफ्फुसात घुसत जातो, म्हणून ही काटेरी कड येते. पण टीबीचा वणही आकसताना शेजारची त्वचा ओढून घेणाऱ्या भाजल्याच्या व्रणासारखा वागतो आणि तोही काटेरी दिसू शकतो. आपल्याकडची अडचण इथूनच सुरू होते.

गाठीच्या आत काय आहे, हे कधीकधी निकालच लावून टाकतं. पूर्ण गाठ चुन्यासारखी पांढरीशुभ्र असेल, किंवा कॅल्शियम बरोबर मध्यभागी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं थरांत, नाहीतर पॉपकॉर्नच्या आकारात साचलेलं असेल, तर ते जुन्या बऱ्या झालेल्या संसर्गाचं किंवा हॅमार्टोमाचं लक्षण. गुळगुळीत कडेच्या गाठीत चरबी दिसली तरी हॅमार्टोमाच धरतात. पण ‘कॅल्शियम आहे म्हणजे सेफ’ हे अर्धसत्य आहे. कॅल्शियम एका बाजूला सरकलेलं असेल किंवा मीठ भुरभुरवल्यासारखं विखुरलेलं असेल तर त्यावर विसंबता येत नाही. रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफाइड’ शब्द दिसला तर एवढं विचारा, कॅल्शियम नेमकं कुठे आणि कसं आहे?

आणखी एक प्रकार आहे, तो जरा फसवा. काही गाठी घट्ट पांढऱ्या नसतात, काचेवर वाफ धरल्यासारख्या धूसर असतात. त्यांना ग्राउंड ग्लास म्हणतात. संसर्गामुळे असतील तर अशा गाठी काही आठवड्यांत विरून जातात. पण ज्या टिकतात, त्यातल्या काही अतिशय संथ वाढणारा कॅन्सर असतात. आणि ज्यात धुक्याच्या आत एक घट्ट भाग दिसतो, त्या अर्धवट घट्ट गाठींकडे डॉक्टर जास्त बारकाईने बघतात.

गाठ बघायची, की माणूस बघायचा?

दोन्ही. तीच ९ मिलिमीटरची गाठ २८ वर्षांच्या मुलीत आणि ६४ वर्षांच्या बिडी ओढलेल्या माणसात सारखी नसते. वय, तंबाखूचा धूर किती वर्षं आणि किती घेतला, घरात कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर, स्वतःला आधी कुठला कॅन्सर, कामावर ॲस्बेस्टॉस किंवा दगडाची धूळ, गाठ वरच्या भागात आहे का. हे सगळं एकत्र करून टक्केवारी काढणारी गणितं आहेत. मेयो क्लिनिकचं १९९७ चं आणि कॅनडातलं २०१३ चं, ज्याला ब्रॉक मॉडेल म्हणतात.

पण ही गणितं जिथे बनली, तिथे टीबी फारसा नाही. कॅन्सर फुफ्फुसाच्या वरच्या भागात जास्त होतो, म्हणून त्या गणितात ‘वरचा भाग’ म्हटलं की धोक्याचे गुण वाढतात. टीबीची आवडती जागाही नेमकी तीच. जगातल्या एकूण टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे ठाण्यातला वरच्या भागातला ठिपका आणि बोस्टनमधला ठिपका एकाच तराजूत तोलता येत नाही.

उलट बाजूही आहे. ‘मी कधी सिगारेट ओढली नाही, मला कशाला होईल’ हा दिलासा आपल्याकडे फार टिकत नाही. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातले फुफ्फुसाच्या कॅन्सरचे जवळपास निम्मे रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते.

माळ्यावरची पिशवी

आता मामाकडे परत येऊ. ज्या छातीरोगतज्ज्ञ मॅडमकडे आम्ही शेवटी गेलो, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, “जुना स्कॅन आहे का?”

आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही हे आलं नव्हतं.

कॅन्सर आणि निरुपद्रवी गाठ यांच्यात सगळ्यात भरवशाचा फरक दिसण्यात नसतो, वागण्यात असतो. कॅन्सर वाढतो. घट्ट गाठ कॅन्सरची असेल तर तिचं आकारमान दुप्पट व्हायला साधारण एक महिना ते तेरा महिने लागतात. काही दिवसांतच दुप्पट झाली तर बहुधा संसर्ग. आणि घट्ट गाठ दोन वर्षांत तसूभर हलली नाही, तर ती निरुपद्रवी मानतात.

इथे एक गंमत आहे, जी मला शाळेत भूमितीच्या तासाला कळायला हवी होती. गाठ हा चेंडू असतो. ८ मिलिमीटरची गाठ १० मिलिमीटर झाली तर आपल्याला वाटतं, दोनच मिलिमीटर तर वाढली. पण ८ चा घन ५१२ आणि १० चा घन १०००. म्हणजे गाठ जवळजवळ दुप्पट झाली. दुसरीकडे, मोजणाऱ्याच्या हातानेच मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतं, श्वास किती धरला यावरही फरक पडतो. म्हणून ९ ची ९.५ झाली म्हणून घर डोक्यावर घेऊ नये, आणि ‘दोनच मिलिमीटर’ म्हणून झटकूनही टाकू नये. शक्यतो त्याच सेंटरला, तसाच पातळ कापांचा स्कॅन काढावा आणि दोन्ही स्कॅन शेजारी लावून एकाच डॉक्टरने बघावेत.

तर मामी माळ्यावर चढली. १९९४ ची एक्स-रे फिल्म सापडली, पण ती चिकटून पार खराब झाली होती. मग मामाला आठवलं, एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट, तेव्हा एचआरसीटी काढला होता. तेव्हा प्रत्येक जण एकमेकांना ‘स्कोअर किती आला’ विचारत होता, आठवतंय? मामाचा पंचवीसपैकी सात आला होता आणि सगळ्यांनी हुश्श केलं होतं. त्या रिपोर्टमध्ये गाठीचा उल्लेख नव्हता. त्या दिवसांत एकेका सेंटरवर किती स्कॅन होत होते हे आठवलं तर आश्चर्यही वाटत नाही. पण सीडी होती.

आता सीडी चालवायची कशावर? आमच्या तिन्ही लॅपटॉपना ड्राइव्ह नाही. स्टेशन रोडवरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे जुना कॉम्प्युटर निघाला, त्याने वीस रुपयांत पेन ड्राइव्हवर उतरवून दिली.

मॅडमनी दोन्ही स्कॅन शेजारी लावले. २०२१ च्या चित्रात, कोरोनाच्या धुरकट डागांपासून थोडं दूर, तोच ठिपका होता. तेवढाच. चार वर्षांत न वाढलेली घट्ट गाठ. बहुधा १९९४ च्या टीबीचाच वण.

म्हणजे शेजारचे काका बरोबर निघाले, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता. ‘जुना टीबी होता, म्हणजे डाग टीबीचाच’ हा तर्कच धोक्याचा आहे. टीबी होऊन गेलेल्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्याच फुफ्फुसात जुना वणही असू शकतो आणि नवा कॅन्सरही.

आणि जुना स्कॅन नसेल तर?

मग वाट बघायची, पण कॅलेंडर लावून. जगभरचे रेडिओलॉजिस्ट फ्लाइश्नर सोसायटीचे २०१७ चे नियम वापरतात. ३५ वर्षांच्या वरच्या, आधी कॅन्सर नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या लोकांसाठी ते आहेत. एकच घट्ट गाठ ६ मिलिमीटरपेक्षा लहान आणि माणूस कमी धोक्यातला असेल तर पुन्हा स्कॅनची गरज सहसा नसते. ६ ते ८ मिलिमीटर असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. ८ च्या वर असेल तर तीन महिन्यांनी स्कॅन, किंवा पेट स्कॅन, किंवा तुकडा काढून तपासणी, यांपैकी काय ते माणूस बघून ठरवायचं. धूसर गाठींवर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात, कारण त्या फार संथ असतात. आशियासाठी तज्ज्ञांनी २०१६ मध्ये वेगळी शिफारस केली, त्यात टीबी आणि हवेचं प्रदूषण लक्षात घेऊन जास्त काळ पाठपुरावा करायला आणि पेट स्कॅनवर कमी भिस्त ठेवायला सांगितलंय.

पेट स्कॅनचं असं आहे की त्यात किरणोत्सारी साखर टोचतात. भुकेल्या पेशी ती जास्त खातात आणि चमकतात. कॅन्सरच्या पेशी भुकेल्या असतात, पण टीबीशी लढणाऱ्या पेशीही तेवढ्याच भुकेल्या असतात. त्यामुळे आपल्याकडे ‘पेटमध्ये चमकलं’ म्हणजे कॅन्सर ठरला असं होत नाही. आणि ८ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ किंवा संथ कॅन्सर न चमकता निसटूही शकतो. महागडी तपासणी म्हणजे अंतिम निकाल, ही आपली समजूत इथे मार खाते.

अंतिम निकाल फक्त तुकडाच देतो. सीटीमध्ये बघत छातीतून सुई घालून, दुर्बिणीतून, किंवा गाठच काढून टाकून. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे तुम्हीही ऐकलं असेल. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजणं अतिशय दुर्मीळ आहे. खरा धोका वेगळा आहे : सुईमुळे फुफ्फुसातून हवा गळू शकते. साधारण पाच-सहा जणांत एकाला हे होतं, बहुतेकांचं आपोआप भरतं, काहींना नळी घालावी लागते. म्हणून सुईनंतर काही तास थांबवून ठेवतात.

एक गोष्ट मात्र नातेवाइकांनी आधीच विचारावी. तुकडा दोन बाटल्यांत जाणार आहे ना? कॅन्सरच्या तपासणीसाठी तो फॉर्मेलिनमध्ये घालतात, पण फॉर्मेलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही. टीबीच्या तपासणीसाठी दुसरा तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. हे आधी ठरलं नसेल तर पुन्हा सुईची वेळ येते. आणि रिपोर्ट काहीही येवो, लॅबमधले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड्स सांभाळून ठेवा. पुढे टाटाला किंवा दुसरीकडे दाखवायला गेलात तर तेच मागतात.

‘दोन महिने औषध घेऊन बघा’

शेवटी त्या तिसऱ्या सल्ल्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

टीबी सिद्ध न होता, फक्त डाग बघून टीबीचा कोर्स सुरू करायचा, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. देशात टीबी इतका आहे की दहातल्या कित्येक वेळा अंदाज बरोबरही येतो, म्हणून ती टिकली. पण ज्यांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांचे महिने जातात. भारतातल्या कॅन्सर रुग्णालयांतून पुन्हा पुन्हा नोंदवलं गेलंय की फुफ्फुसाच्या कॅन्सरचे अनेक रुग्ण आधी टीबीची औषधं खाऊन आलेले असतात. खोकला, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त, वरच्या भागातला डाग, दोन्हीकडे सारखंच. पहिल्या टप्प्यात ऑपरेशनने निघणारी गाठ त्या काळात पुढच्या टप्प्यात जाऊ शकते.

टीबीचा संशय असेल तर टीबी शोधता येतो. बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते आणि काही तासांत उत्तर येतं. बेडका पडत नसेल तर दुर्बिणीतून नमुना घेता येतो. टेंभी नाक्याजवळचं आपलं सिव्हिल, म्हणजे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, नव्या इमारतीच्या कामासाठी मनोरुग्णालयाच्या परिसरात हललं, त्यामुळे बरेच जण ‘आता सरकारी कुठे जायचं’ म्हणून थेट गल्लीतल्या दवाखान्यात जातात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयही आहे, हे ठाणेकरांना सांगायला नको, पण सांगते.

काही वेळा सगळ्या तपासण्या करूनही टीबी सिद्ध होत नाही आणि डॉक्टर विचारपूर्वक औषध सुरू करतात, तेही चूक नाही. फक्त अशा वेळी पुढच्या स्कॅनची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. औषध चालू असताना गाठ वाढली, तर ‘अजून थोडे दिवस बघू’ला हो म्हणू नका. आणि खोकल्यातून रक्त पडत असेल, आवाज बसलेला राहत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर वर लिहिलेली सगळी वेळापत्रकं विसरून आधी तज्ज्ञांना गाठा. ती गुपचूप सापडलेल्या गाठींसाठी आहेत, त्रास सुरू झालेल्यांसाठी नाहीत.

मामाने टीबीची औषधं सुरू केली नाहीत. हर्नियाचं ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं. दोन्ही स्कॅन आता माझ्या ड्राइव्हवर आहेत आणि मामीने सीडी पुन्हा माळ्यावर ठेवलीय, या वेळी स्टीलच्या डब्यात, वर तारीख लिहून.